राणीवर नारळाचं पाणी

माझ्या नवऱ्याला नारळ फोडायला कुठलंही निमित्त पुरतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आलो तेव्हापासून गाडी, घर तापवायची फर्नेस, बर्फ ढकलायचं मशीन, सगळ्यांपुढे फोडून झालाय. रिटायर झाल्यापासून तर विचारूच नका.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला एक चित्र दिलं. व्हिक्टोरियाच्या काळातलं, जलरंगातलं, त्यांच्या पणजीनं नाटक बघून येऊन रंगवलेलं. कुठल्याशा जुन्या शोकनाटकाचा शेवटचा प्रवेश. रंगमंचावर सगळे मरून पडलेले आणि मधोमध पांढऱ्या झग्यातली राणी. बाई आता सीनियर होममध्ये राहायला चालल्या होत्या. मुलांना चित्र नको होतं, आणि नाटकांना त्यांच्याबरोबर जाणारी मी एकटीच. जाण्याआधी ते माझ्या भिंतीवर लागलेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी त्यांना रविवारी चहाला बोलावलं.

रविवारी सकाळी मी पोह्यांचे कांदे चिरत होते. हॉलमधून ठक्क असा आवाज आला. धावत गेले. आमच्या इंजिनियरसाहेबांनी काच धुरकट दिसते म्हणून ती काढून ठेवलेली, चौकटीला हळदकुंकू लावलेलं, चित्र भिंतीला टेकवलेलं, आणि नारळाचं पाणी थेट राणीवर.

"अहो, काय केलंत हे?"

"नारळ फोडला. नवीन वस्तू आलीये घरात."

"एवढ्या मेलेल्या माणसांपुढे?"

त्यावर या माणसानं घाईघाईनं टिश्यूनं पुसलं, तर निम्मी राणी टिश्यूवर आली. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! दीडशे वर्षं टिकलेलं चित्र, आमच्या घरात एक आठवडाही टिकलं नाही. बाईंना काय तोंड दाखवू, मला रडूच आलं. नवरा हेअर ड्रायर शोधत होता, आणि तेवढ्यात बेल वाजली.

बाई वॉकर ढकलत आत आल्या. चित्रासमोर थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "राणी कुठे गेली?"

मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं सगळं सांगून टाकलं, नारळाच्या करवंट्या हातात धरून. बाई आधी हसल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण हे करतात कशासाठी?"

"जे आपल्याकडे राहायला येतं, त्याचं सगळं नीट व्हावं म्हणून," नवरा म्हणाला. एवढं ओशाळलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मी बाईंपुढे पोहे ठेवले. पोहे निवून गेले तरी त्यांनी चमचा उचलला नाही. मग हळूच म्हणाल्या, "मंगळवारी मी तिकडे राहायला जाणार. माझ्या खोलीपुढे एक फोडशील?"