मानीबाईची घुगरी

महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरची मानीबाई. दोन महिन्यांपासून तिचं हृदय बेताल चालून राह्यलं होतं. चार पावलं टाकली का दम लागे, निंदाले गेली का धुऱ्यावर बसून जाय. डॉक्टरनं आधी महिनाभर रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, कारण ठेका ताळ्यावर आणायले विजेचा झटका द्यायचा होता, अन् हृदयात रक्ताची गाठ असली तं तो देता येत नाही. बाईनं एकही गोळी चुकवली नाही.

झटक्याच्या दिवशी ती उपाशीपोटी आली, संगं नवरा धावजी. मी सत्यशीला, त्या वार्डातली सिस्टर. मी तिले सारं समजावून सांगितलं. छातीवर दोन चिकटपट्ट्या लावू, झोपेचं इंजेक्शन देऊ, मंग मशीन झटका देईन. तुले पत्ताही लागणार नाही, याडी, तिच्या बोलीत मी तिले माय म्हटलं. उठली का कातडी जरा लाल दिसंन, उन्हानं भाजल्यासारखी. ठेका पुन्हा बिघडूही शकते, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. तिनं सारं ऐकून मान हालवली.

मंग मी म्हटलं, आता अंगावरचं चांदीचं सारं काढ. अन् तिथंच गाडी अडली. गळ्यातलं तिनं काढलं, पण केसांत गुंफलेल्या, गालावर लोंबणाऱ्या घुगरीले हात लावू देईना.

मले असा राग आला का सांगू नका! महिनाभर गोळ्या खाल्ल्या, तिकडं डॉक्टर तयार, अन् बाई दागिन्यासाठी अडून बसली. चार शब्द सुनावले मी. असंच बेताल राह्यलं तं गाठ डोक्यात जाऊन अंग लुळं पडंन, हेही सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात केसांवरून हालला नाही.

धावजीनं मले बाजूले नेऊन सांगितलं. त्यांच्यात लग्नात घुगरी गुंफतेत अन् नवरा मेला तेव्हाच उतरवतेत. पंचेचाळीस वर्सांत ती बिनाघुगरीची कोणाले दिसली नोती. अस्सी शरम वाटली मले. इतके वर्सं याच जिल्ह्यात नोकरी केली, अन् एवढं विचारलं नाही.

धावजी खाटेवर तिच्यापाशी बसला. "दे इकडं," म्हणे. "तू येईपर्यंत मी घालून बसतो. मी जिता हाओ, हे साऱ्या दवाखान्याले दिसू दे."

त्यानं आपल्या हातानं घुगरी सोडवली अन् पागोट्याच्या दोन्ही बाजूंनी बांधली. तवा कुठं बाई आत आली.

पहिल्या झटक्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानं पडद्यावरची वेडीवाकडी रेघ सारख्या अंतरानं उसळायले लागली. सारा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. बाहेर बाकावर धावजी ताठ बसला होता, गालांवर घुगरी. येणारे-जाणारे हसून राह्यले होते, पण त्यानं मान खाली घातली नाही.

जागी झाल्यावर मानीबाईचा हात आधी केसांवर गेला. मी धावजीले आत बोलावलं. त्याले पाहून ती एवढी हसली का मले तिले हळू म्हणावं लागलं. मंग म्हणे, सिस्टर, तूच गुंफून दे, त्याले नाही जमत.

मी केसांचे पेड घ्यायले लागली. धावजी पागोट्यातली घुगरी सोडवायले गेला, तं त्याच्या बोटांनी गाठच सुटेना. हात थरथरून राह्यले होते. सकाळपासून त्यानं ते कोणाले दिसू दिलं नोतं.

मानीबाईनं त्याचा हात धरला.

"भेऊ नको," म्हणे. "मी हाओ ना जिती."