कोच स्टोवॉल यांचा नातू

कोच हार्लन स्टोवॉल बोलण्याआधी कमरेचा पट्टा वर ओढतात, नाक सुर्रकन ओढतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "काय?" लावतात. मला ते हुबेहूब जमतं. आमच्या गावात पाद्रीबाबांच्या प्रवचनाला लोक डुलक्या घेतात, कोचच्या भाषणाला नाही. माझे वडील, दोन्ही काका, सगळे त्यांच्याच हाताखाली हेल्मेट घालून आदळआपट शिकले.

टेक्सासच्या या कोपऱ्यातल्या शाळांत अमेरिकन फुटबॉलला अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून आम्ही सहा-सहांचा खेळतो. यंदा जेमतेम सहाच उरले. डोक्याच्या माराचं ऐकून बाकीच्या आयांनी पोरं धावण्याच्या शर्यतीकडे वळवली. सहावा माझा धाकटा भाऊ वेस्ली. एका धडकेनंतर तो घरी आला आणि त्याला आमच्या कुत्र्याचं नाव आठवेना. आईने हेल्मेट कपाटावर टाकलं.

दोन आठवड्यांनी कोच आले. आईने अक्रोडासारख्या पीकनचा घरी भाजलेला गोड केक वाढला. पट्टा वर, नाक सुर्र.

"लोरेटा, पोरगं आता ठणठणीत आहे, काय? तो बसला तर संघच बंद."

"आणि पुन्हा लागलं तर?"

"माझा नातू इथल्या शाळेत असता, तर सगळ्यात आधी त्यालाच उतरवला असता, काय?"

आई विरघळली ती या वाक्यावर. हेल्मेट खाली आलं.

पुढच्या शुक्रवारी कोचची मुलगी डॅलसहून सामना बघायला आली. सोबत तो नातू, ग्रेडी. फ्रिजएवढा रुंद. मैदानाबाहेरच्या नाचो चिप्सच्या रांगेत मी विचारलं, "तू कुठल्या जागेवर खेळतोस रे?"

"मी ट्रोम्बोन वाजवतो."

"एवढा देह घेऊन?"

"आजोबा खेळू देत नाहीत." त्याने पट्टा वर ओढला, नाक ओढलं. "डोकं एकच मिळतं, ग्रेडी, काय?"

माझ्यापेक्षा सरस नक्कल. आणि अशी नक्कल मनाने रचता येत नाही, ती ऐकलेलीच असावी लागते. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. रांग सोडली आणि आईकडे गेले. तिला ते वाक्य कोचच्याच आवाजात ऐकवलं. ती हसली नाही. प्रेक्षकांच्या पायऱ्या उतरून थेट मैदानाच्या कडेला गेली.

"वेस्ली, हेल्मेट काढ. घरी चल."

"लोरेटा, अर्धा सामना बाकी आहे, काय?" कोच म्हणाले. "सहावा कुठून आणू?"

"नाचोच्या रांगेत उभा आहे," आई म्हणाली. "त्याला उतरवा."

कोचनी रांगेकडे पाहिलं. पट्टा वर ओढला. नाक ओढलं. मग वेस्लीच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.