वहिनीच्या हातची कळलावी

आंजी गावातल्या आमच्या घरामागे पऱ्हाट्यांचं, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचं कुंपण होतं आणि त्या कुंपणावर बाबांची कळलावी चढायची. बाबा कापूस, तूर, ज्वारी करणारे साधे शेतकरी. फुलांचा नाद म्हणावा तर दुसरं एकही फुलझाड त्यांनी कधी लावलं नाही. पण या एका वेलीपायी ते वेडे होते. तिची पानं टोकाशी वळून कुंपणाच्या काड्या धरतात. फूल आधी हिरवं, मग पिवळं, मग तांबडंलाल होत जातं, आणि त्याच्या पाकळ्या खाली झुकायच्या सोडून वर उलटतात. भाद्रपदात आमच्या महालक्ष्म्यांच्या मखराला हीच फुलं असायची आणि ती बघायला गल्लीतल्या बाया यायच्या. बाबांचं कौतुक झालं की 'माझे बाबा' म्हणून मी अंगणभर मिरवायची.

वेल मात्र विषारी. शेजारच्यांची एक बकरी कंद उकरून खाऊन मेली, तेव्हापासून बाबांनी त्या कामाची खुरपी वेगळी ठेवली होती. तिच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. कंद हाताळले की आधी राखेने, मग साबणाने हात धुवायचे, आणि तोवर तोंडाला बोटही लावायचं नाही. ही वेल घरात भांडणं लावते, असंही लोक म्हणत. आमच्या घरात त्यासाठी वेलीची गरज पडली नाही. मी होते.

सत्तरीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी सतरा-अठरा वर्षांची, दहावी करून घरी बसलेली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनच्या नावाने त्यांना घाम फुटायचा. त्यांना समोरचं माणूस कळायचं, पण चेहरा कळत नसे. त्यामुळे वेलीचं बारीक काम आता कोणाच्या तरी हातांनी करून घ्यावं लागणार होतं. ते हात माझेच असणार, हे मी धरूनच चालले होते. लाल चिंधीची खुरपी आपल्या हातात आली की कशी दिसेल, हेसुद्धा मी मनात बघून ठेवलं होतं.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिचं माहेर कारंजाचं, हमरस्त्यावर वडलांचं हॉटेल. ट्रकवाल्यांच्या कपबश्या विसळण्यात जन्म गेलेला, हिला वेलीतलं काय कळणार, असं मी आईला म्हटलंही. दादा वर्ध्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि रविवारी घरी यायचा. उरलेले सहा दिवस वहिनी आमची.

दिवाळीनंतर वेल वाळली. बाबा मागच्या अंगणात पोतं अंथरून बसले आणि त्यांनी हाक मारली, "सूनबाई, खुरपी आन."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण वहिनी पदर खोचून गेलीसुद्धा. बाबा तिला सांगत होते, "दुरून खांद. कंद नांगराच्या फाळावानी हाये, दोन हात अस्तेत त्याले. एकेका हाताच्या टोकाले डोळा. त्या टोकाले धक्का लागू देजो नोको. टोक मोडलं का कंद मेला." वहिनीने सात कंद काढले. चौदा टोकं, एकालाही ओरखडा नाही. बाबांनी एकेक कंद बोटांनी चाचपून पाहिला आणि म्हणाले, "तुह्या हाताले गुन हाये."

एवढं चांगलं बाबा मला कधी बोलले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

रात्र होईपर्यंतही मला दम निघाला नाही. दुपारीच त्यांना गाठलं. "बाबा, मले काऊन नाई शिकवत?"

"तू उद्या लगन होऊन जाशीन. मंग माह्या वेलीकडे कोन पाहीन?" थोडं थांबून वर म्हणाले, "अन् या महिन्यात तुह्या हातानं तीन बश्या फुटल्या. ते पोरगी हाटेलातली हाये, पन आल्यापासून एक कप नाई फुटला तिच्या हातून."

कपबश्यांवरून माझा निकाल लागला होता. मला हसायला यायला हवं होतं. मी गोठ्यात जाऊन रडले.

कंद कोरड्या रेतीत, मडक्यात, कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले गेले. पुढचा पावसाळा नीट गेला. वेल कुंपणाच्याही वर गेली आणि फुलं इतकी आली की महालक्ष्म्यांचे चेहरे झाकायची पाळी. बाया आल्या आणि या वेळी म्हणाल्या, "सुनेच्या हातची हाये म्हंते!" बाबा तिला आणखी एक काम शिकवत होते. या फुलाची मधली दांडी आडवी वळलेली असते, तिच्यावर आपोआप पराग पडत नाही, म्हणून शेंगा कमी धरतात. कापसाची वात करून एका फुलातलं पिवळं दुसऱ्याच्या दांडीला लावायचं. ते बोलायचे आणि वहिनी हसत हसत वात फिरवायची. मी विहिरीवरून पाणी आणत होते. भरलेली बादली मी मुद्दाम तिच्या पायाशी आपटली. तिने पाय मागे घेतले आणि वात फिरवत राहिली. त्या वर्षी शेंगाही लागल्या. त्यातल्या लाल बिया तिने एका डबीत घालून ठेवल्या. बाबा म्हणाले होते, बियांच्या वेलीला फूल यायला तीन-चार वर्षं जातात, कोण वाट पाहील.

पुन्हा कंद निघाले, पुन्हा मडक्यात गेले. आता मी जे केलं ते सांगते. उन्हाळ्यातली एक दुपार होती. आई आणि वहिनी शेजारी कुरडया करायला गेल्या होत्या, बाबा ओसरीत झोपले होते. मी कोठीत गेले, रेतीत हात घातला आणि कंदांची टोकं मोडली. सगळी. काकडीसारखी कट् करून मोडतात. कंद होते तसे रेतीत पुरले आणि टोकं उकिरड्यात खोल गाडली. हात तीनदा राखेने धुतले, चारदा साबणाने. तरी भीती जाईना. संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायची पाळी माझी होती. माझ्या बोटांचं विष पिठात गेलं आणि घर मेलं तर? डोकं दुखतं म्हणून मी निजून राहिले. भाकरी वहिनीने केल्या. मला ताटात आणून दिल्या, आणि क्षणभर माझ्या लाल झालेल्या हातांकडे बघत उभी राहिली.

मिरगाच्या आधी त्या दोघांनी कंद लावले. मी खिडकीतून बघत होते. वहिनी एक कंद उचलायची, बाबांच्या हातात द्यायची, ते चाचपायचे, परत द्यायचे, ती लावायची. नेहमीपेक्षा दोघं कमी बोलत होते, एवढंच मला जाणवलं. सगळं झाल्यावर वहिनीने फुटक्या घमेल्यात माती भरली आणि डबीतल्या बिया पेरल्या.

कुंपणावर त्या वर्षी काहीच चढलं नाही. मी वाट बघत होते ती एकाच गोष्टीची. बाबांनी तिला बोलावं, सगळ्यांदेखत बोलावं, तिच्या हातून खुरपी काढून घ्यावी. महालक्ष्म्या बसल्या, मखराला झेंडू लावला, आणि बायांनी विचारलंच, "काऊन वो, औंदा कळलावी नाई?" वहिनी खाली मान घालून हळदीकुंकू देत होती. तेवढ्यात ओसरीतून बाबा म्हणाले, "माह्याच्यानं चुकलं बाई. रेती वली होती, ध्यानात नाई आलं. कंद सडले."

रेती कोरडी ठणठणीत होती. मला माहीत होतं, मी हात घातला होता तिच्यात. तिला वाचवायला बाबा सगळ्या गल्लीपुढे खोटं बोलले, आणि स्वतःचं हसं करून घेतलं. त्या दिवशी मी जेवले नाही. एवढा हेवा मी आयुष्यात पुन्हा कोणाचा केला नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला आले. नवरा सरकारी कचेरीत, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे हातभर मोकळी जागा. माहेरी गेले की घमेल्याकडे न बघता मला राहवत नसे. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्या वर्षी पानांची टोकं वळली. चौथ्या वर्षी वेल कुंपणावर होती आणि फुललीही होती. तोवर बाबांचं ऑपरेशन होऊन त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला होता. ते वेलीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि वहिनीला हाका मारमारून दाखवायचे. मी तुरीची डाळ आणि ज्वारी पिशवीत भरायची आणि पुढची बस पकडायची.

बाबा गेले तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वहिनी एकटीच एसटीने माझ्याकडे आली. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. चहा पिता पिता तिने तो माझ्यापुढे सरकवला. रेतीत एकच कंद होता. त्याच्या दोन्ही टोकांना कापूस गुंडाळलेला.

"टोकं पाहून घे बाई," ती म्हणाली. "दोनी हायेत."

मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"लावतानाच दिसलं."

"मंग बाबाले काऊन नाई सांगतलं?"

वहिनीने कप खाली ठेवला. "मामाजीले काय सांगाव लागते? पयला कंद हातात घेतला अन् टोकावर बोट फिरवलं. मंग दुसरा घेतला. मले म्हने, सूनबाई, लावून टाक. अन् पोरीले हे कदी समजू देजो नोको का आपल्याले समजलं. तिले सासरी जाचं हाये, मनात घेऊन जाईन ते."

मेलेले सगळे कंद त्या दोघांनी एकेक करून लावले होते, आणि मी खिडकीतून बघत होते. रेती ओली होती हे खोटं बाबा माझ्यासाठी बोलले होते.

वहिनी संध्याकाळच्या बसने गेली. कंद मी मागच्या जागेत लावला, टोकाला धक्का न लावता. माती ओढताना मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी तिच्यावर जळतच होते. बाबा माझ्यावर एवढी माया करायचे, आणि ते इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.