चपलांची रांग

“चप्पल ना, तर नंबर ना! मागे वच!”

चप्पल नाही तर नंबर नाही, मागे जा, हे ज्याच्यावर ओरडणं चाललं होतं तो पर्यटक अंगाने एवढा होता की त्याच्या सावलीत गावातली दोन कुत्री झोपली होती. त्याच्या पायात बूट होते आणि ते काढायला तो तयार नव्हता. आमचा गृहस्थ, हॉटेलच्या दारावरचा राखणदार, उंचीने त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत. खांद्यावर टुवाल टाकून तो त्या डोंगराला दारासमोरची चपलांची रांग दाखवत होता. शेवटी डोंगराने एक बूट काढला, रांगेच्या टोकाला ठेवला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशा थाटात तो समुद्राकडे निघून गेला. खोटं वाटत असेल तर गोव्यात मांद्र्याला येऊन कुणालाही विचारा. कुत्र्यांबद्दल मात्र विचारू नका, तेवढी मी पदरची घातली आहेत.

माझा धंदा स्कूटर भाड्याने देण्याचा, आणि दुकान त्या रामेनच्या हॉटेलच्या बरोब्बर समोर. रामेन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल. मला विचाराल तर ती सूपात बुडवलेल्या शेवयांची वाटी. वाटी कसली, घमेलंच. पण त्यासाठी लोक पणजीहून, बेळगावहून, कुठून कुठून येतात. आत बसायला जागा एका पंगतीची. बाहेर माणसं एवढी, की रांगेत लागताना काळ्या केसांचा असलेला माणूस आत जाताना पिकलेला असतो. एक जोडपं माझ्या डोळ्यांदेखत रांगेत जुळलं आणि आत पोचेपर्यंत मोडलंसुद्धा. दोघांनी मग वेगवेगळ्या टोकांना बसून खाल्लं, पण खाल्लं.

या दारावर आमचा गृहस्थ उभा असायचा. आता नसतो. पाळी गावाच्या बाजूला खाणीच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या तसा तो तिकडे गेला, आणि दारावर आता लोकांच्या हातात एक चपटा डबा देतात, तो नंबर आला की थरथरतो. आवाज नाही, भांडण नाही. माझ्या दुकानात दुपारची झोप लागते. तुम्हाला वाटेल मी सुखात आहे.

तो मूळचा पाळीचा. स्वतःचा ट्रक, खनिज वाहायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. बायकोने त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला आणि त्या ट्रकाने दोडक्यांशिवाय काही वाहिलं नाही. मग कुटुंब घेऊन हा मांद्र्याला सासुरवाडीच्या घरात येऊन राहिला आणि हॉटेलच्या दारावर लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने माणसांची रांग मोडून चपलांची केली. प्रत्येक गटाने एक चप्पल ठेवायची आणि खुशाल समुद्रावर जायचं. पुढचे आत गेले की हा पायाच्या अंगठ्याने एकेक चप्पल पुढे सरकवायचा.

खाणीवर तसंच चालायचं म्हणे. भरायच्या ठिकाणी ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर चावी गाडीतच ठेवून घरी जेवून यायचा, आणि मागचा ड्रायव्हर आपली गाडी पुढे घेताना त्याचीही घ्यायचा. “नंबर गाडयेचो,” तो सांगायचा. “मनशाचो न्हय. मनीस खंयूय वचूं.” माणूस कुठेही जावो! या एका सिद्धान्तावर मांद्र्याच्या किनाऱ्यावर अर्धं जग एका पायाने लंगडत फिरत होतं.

त्या रांगेची राखण तिथे बरीच वर्षं त्याच्याकडे होती. एकदा त्याने मेव्हण्याची गाडी मध्ये घुसू दिली. मेव्हण्याच्या घरात बाळंतपण होतं, कारण खरं होतं. पण त्यानंतर रांगेतल्या कुणीही त्याच्या भरवशावर गाडी सोडली नाही. लोक उन्हात स्टेअरिंगला चिकटून बसायचे, जेवणाचा डबा तिथेच, झोप तिथेच. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

म्हणून तो ऐकायचा नाही. कुणाचंच. पंच आला, चप्पल ठेव. पोलीस आला, बूट ठेव. हॉटेलच्या मालकाची सासू पुण्याहून आली तिचीही सपात रांगेत. मालक वैतागून माझ्याकडे यायचा, मी वैतागून या गृहस्थाकडे जायचो. तो म्हणायचा, “तुका कित्याक पडलां? तूं स्कूटरी पुस.” तुला काय त्याचं!

तर अशा माणसाच्या मुलीचं स्थळ जुळवायची बुद्धी मला झाली.

मुलगी गुणी. पेडण्याला औषधांच्या दुकानात होती. पण ट्रक बंद पडलेल्या घरची म्हणून आलेली माणसं चहा पिऊन गेली की फिरकत नसत. इकडे माझ्या बायकोच्या मावसभावाचा मुलगा, कुडाळचा, मोपा विमानतळावर कामाला, औषधं घ्यायला वरचेवर पेडण्याला जायला लागला. एवढी औषधं खाऊन तो जिवंत कसा, असं मी विचारलं तेव्हा लाजला. दोघांचं ठरलेलंच होतं. फक्त मुलाच्या वडलांनी हो म्हणायचं बाकी. आणि वडील म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, सगळा जन्म लोकांना खिडकीबाहेर उभं करण्यात गेलेला. मुलगी मला म्हणाली होती, “काका, हे मोडलं तर मी परत कुणापुढे बसायची नाही.” तिच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

बरं, त्यांना जेवायला बोलावलं कुणी? यानेच! “आमच्या हॉटेलान जेवया,” म्हणाला. मी घरी मासळीचं जेवण करतो म्हटलं, तर ऐकेना.

ते आले. मुलाच्या वडलांच्या पायात खास कोल्हापूरहून करवून घेतलेल्या, तेल पाजलेल्या चामड्याच्या वहाणा. आमच्या गृहस्थाने हात जोडले, सगळ्यांची विचारपूस केली आणि एक वहाण मागून घेतली. हेडक्लार्कांना ती गंमत वाटली. हसत हसत दिली आणि एका अनवाणी पायाने मंडळी समुद्र बघायला गेली. मी म्हटलं, सुटलो.

आता त्या रांगेत आजवर असायचं काय? प्लास्टिक, रबर, कापडी बूट. त्यांना कुत्रं तोंड लावत नाही. तेल पाजलेलं चामडं हे त्या गल्लीतल्या कुत्र्यांना पहिल्यांदाच भेटलं. हा एका बंगळुरूवाल्याशी वाद घालत होता तेवढ्यात एक कुत्री आली, तिने वहाण उचलली आणि माडांमध्ये दिसेनाशी झाली. हा मागे वळला. रांगेत मोकळी जागा दिसली. आणि जन्मभराच्या सवयीने याने अंगठा लावून मागच्या सगळ्या चपला पुढे सरकवल्या.

मंडळी परत आली. मी दुकानातून धावलो.

“माझी वहाण खंय?” मुलाच्या वडलांनी विचारलं.

“सुण्यान व्हेली,” हा म्हणाला. कुत्र्याने नेली.

“मग?”

“मग मागे रावचें पडटलें.” म्हणजे पुन्हा शेवटून उभं राहायचं.

मी त्याला हाताला धरून बाजूला ओढला. म्हटलं, भाई, हे तुमचे व्याही.

“अजून खंय जाल्यात?”

मी म्हटलं, बोलावलंत तुम्हीच ना? म्हणाला, जेवायला बोलावलं, मध्ये घुसायला नाही. मी म्हटलं, कुत्रीला तुम्ही राखलं नाहीत, चूक तुमची. त्याच्या कपाळावर घाम आला होता, ओठ हलत होते, आणि मला वाटलं आता हा वाकणार. पण रांगेतले सगळे त्याच्याकडे बघत होते. एका पायाने लंगडणारे ते सगळे, त्याच्या भरवशावर चपला सोडून गेलेले. त्याने माझा हात सोडवला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

मुलाचे वडील लालबुंद. “भावजी,” ते मला म्हणाले, “तुम्ही आमका हय ह्या बघूक हाडलास?”

तेवढ्यात मुलगी अर्ध्या दिवसाची सुटी काढून स्कूटरवरून आली. तिने सासरा होऊ घातलेला माणूस एका पायाने तापलेल्या डांबरावर उभा बघितला. बापाकडे बघितलं. बापाने नजर चपलांकडे वळवली. तिने स्कूटर स्टँडला लावली. स्वतःची एक सँडल काढली, रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली, आणि येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी माझ्या न्हाणीघरातल्या निळ्या रबरी चपला आणून हेडक्लार्कांना दिल्या. त्यांची टाच बाहेर उरत होती.

ते उभे राहिले. का राहिले देव जाणे. मुलाने हालायला नकार दिला म्हणून असेल, किंवा ती हालेना म्हणून. ऊन माडांवरून खाली उतरलं. मुलाची आई दोनदा माझ्या दुकानात पाणी प्यायला आली आणि दोन्ही वेळा माझ्या बायकोची खुशाली विचारून मला लाजवून गेली. याने सँडल एकेक वीत पुढे आणली. इतक्या हलक्या अंगठ्याने त्याला चप्पल सरकवताना मी कधी बघितलं नव्हतं.

पुढे एकच चप्पल उरली, एका जोडीची. ती आत गेली. आणि आतून मालक बाहेर आला, त्याच्या हातात पाटी: सूप संपलं.

ती पाटी लावणं याचं काम. त्याने ती हातात घेतली. खिळा समोरच होता. तो पाटीकडे बघत राहिला, मग मुलीकडे, मग पुन्हा पाटीकडे. मालकाने काहीतरी बरं सांगितलं असावं, आपण उद्या खास करू वगैरे. याने मान हलवली, पाटी खिळ्याला अडकवली आणि टुवाल तोंडावर धरून हॉटेलच्या मागे निघून गेला. मंडळी उपाशी गाडीत बसली. मुलीने सँडल पायात घातली आणि मला म्हणाली, “काका, तुम्ही जेवून घ्या.”

मग फोन नाही. मी करायला धजलो नाही. घरी माझी बायको माझ्याशी बोलेना, दुकानात मी गिऱ्हाइकांशी बोलेना. मुलगी रोज वेळेवर कामाला जात होती, रोज वेळेवर येत होती, आणि बापाशी बोलत नव्हती.

शेवटी एका दुपारी, ऐन गर्दीत, तो दार सोडून रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. असं आजवर घडलं नव्हतं. मागे चपलांची वाट लागली, दोन बाया एका हिरव्या चपलेवरून भांडायला लागल्या, पण त्याने वळून बघितलं नाही. माझ्या एका स्कूटरवर आडवा बसला.

“फोन लाय,” म्हणाला. “मेळपाचें ना जाल्यार ना म्हणून सांगूं दी. तिका कळूंक जाय.” जुळायचं नसेल तर नाही म्हणू देत, पण पोरीला कळायला हवं.

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि मधे ठेवला. मुलाच्या वडलांनी उचलला. मी माफी मागायला सुरुवात केली, कुत्रीपासून. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. हा स्कूटरच्या आरशाकडे बघत होता.

“भावजी,” पलीकडून आवाज आला, “मुलगी पसंत आसा. लग्न आमच्या दारात करू, वाढूक आमची माणसां आसत. त्यांका सांगा, त्यांनी फक्त जेवूक बसायचा.”