पिनची मागची बाजू

अदलाबदल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाली. एका थीम पार्कमध्ये, गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या कॅरोसेलमागे उभारलेल्या पांढऱ्या तंबूत. टेबलाच्या एका बाजूला माझी बारा वर्षांची मुलगी होती, दुसऱ्या बाजूला पन्नाशीचा एक माणूस. मी दोन पावलांवर उभा होतो. त्यामुळे काय झालं ते मला कोणाकडून ऐकावं लागलेलं नाही.

पिन म्हणजे कोटाला लावायचा धातूचा छोटा रंगीत बिल्ला. हे पार्क दर मोसमात नव्या पिना काढतं, जुन्या विकणं बंद करतं, आणि वर्षातून एकदा हौशी लोकांना बोलावून अदलाबदलीचा मेळावा भरवतं. तिथे पैसे चालत नाहीत. पिन द्यायची, पिन घ्यायची.

इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंगहून आम्ही सकाळी सहाला निघालो ते एका पिनसाठी. तिच्यावर पार्कमधल्या जुन्या लाकडी होडीचं चित्र आहे. होडीची ती राईड आता पाडली आहे. मुलगी आणि तिची शाळेतली मैत्रीण दर सुट्टीत त्या होडीत शेवटच्या बाकावर बसायच्या आणि भिजून यायच्या. मैत्रिणीच्या वडिलांचा व्हिसा संपला आणि ते कुटुंब पुण्याला परत गेलं. तिच्या वाढदिवसाला होडीची पिन पाठवायची, असं मुलीने ठरवलं होतं. त्या बदल्यात द्यायला तिने स्वतःकडची सगळ्यांत चांगली पिन आणली होती. चंदेरी घुबड. पावसात तीन तास रांगेत उभं राहून मिळवलेलं.

त्या माणसासमोर जाड फोल्डर होतं, पानापानावर पिना टोचलेल्या. त्याने घुबड हातात घेतलं, उलटं केलं, भिंगातून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं.

"काय हवंय तुला, लव्ह?"

"ती बोट."

"तुला?"

"माझ्या फ्रेंडला. ती इंडियात असते."

"मग तर द्यायलाच हवी."

त्याने होडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने थँक यू म्हटलं आणि मूठ मिटली. उलटी करून बघितली नाही.

हे माझं शिकवणं. कोणी काही हातात ठेवलं तर देणाऱ्यासमोर ते उलटसुलट करून बघायचं नाही. पाकीट उघडायचं नाही, कापडाचा पोत चिमटीत धरायचा नाही, घ्यायचं आणि आत नेऊन ठेवायचं. मला आईने सांगितलं, मी मुलीला सांगितलं. वर्तमानपत्रात वीस वर्षं मी दोन ठिकाणी विचारल्याशिवाय ओळ छापू दिली नाही. त्या टेबलापाशी मात्र मुलगी किती छान वागते आहे, एवढंच मला दिसलं.

तंबूबाहेरच्या बाकावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांचं जाकीट पिनांनी भरलेलं होतं. मुलीने आनंदाने त्यांना होडी दाखवली. त्यांनी ती उलटी केली आणि स्वतःच्या जाकिटावरची एक काढून शेजारी धरली. खऱ्या पिनच्या पाठीवर बारीक पानांची नक्षी कडेपर्यंत जाते. आमच्या होडीवर ती कडेपर्यंत पोचण्याआधीच तुटली होती. शिडाचा रंग रेषेबाहेर सांडला होता.

"खोटी आहे, डिअर," त्या म्हणाल्या. "असल्या पोत्यांनी येतात. ज्याने दिली त्याला हे ठाऊक असणार."

आम्ही परत गेलो. त्याने नाकारलं नाही.

"तिच्या हातात दिली होती. बघू नकोस असं कोणी म्हटलं होतं का?"

"तुम्ही तिची भिंगातून बघितलीत."

"मी नेहमीच बघतो. तिलाही शिकवा."

"ती बारा वर्षांची आहे."

"मग बापाने बघायचं, मेट."

बघायला मीच हवं होतं. पण माझं चुकणं आणि त्याचं बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तंबूच्या दाराशी आयोजकांचं टेबल होतं. तिथे फलक होता: झालेली अदलाबदल अंतिम. तिथला माणूस भला होता. त्याने आवाज खाली आणला. "आमच्या स्टाफच्या गळ्यात पिनांच्या पट्ट्या आहेत ना? मुलांनी कुठलीही पिन दिली तरी त्यांना नाही म्हणता येत नाही. ही देऊन टाका, दुसरी घ्या. सगळे तेच करतात."

"मग ही कोणाकडे जाईल?" मुलीने विचारलं.

"पुढच्या कोणाकडे तरी," तो हसून म्हणाला.

फसवणाऱ्याइतकाच मला या हसण्याचा राग आला. एका लहान मुलीला पार्कच्या वतीने सांगितलं जात होतं, की तुझी फसवणूक दुसऱ्या लहान मुलीच्या गळ्यात घाल.

पॉपकॉर्नच्या गाडीवरल्या तरुणीच्या गळ्यात अशी पट्टी होती. मुलीने विचारून एकेक पिन उलटी केली. आठातल्या पाच खोट्या निघाल्या.

"आम्हाला सकाळी लावून देतात, संध्याकाळी काढून घेतात," तरुणी म्हणाली. "मागून मी कधी बघितलंच नाही."

"ही देऊन उरलेल्या तिनातली एक घे," मी मुलीला म्हणालो. "हात हलवत तरी जायला नको."

"बाबा, तू सीरियसली बोलतोयस?"

मी सीरियसलीच बोलत होतो. ते इथे नोंदवणं भाग आहे.

तिने खोट्या होडीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि पुण्याला पाठवले. सरप्राइज तिथेच संपलं. तिकडे संध्याकाळ होती. उत्तर लगेच आलं. तिने मला वाचून दाखवलं: "मला नको ती. पण त्या माणसाला सोडू नकोस."

मुलगी परत तंबूत गेली आणि त्याच्या टेबलाशेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने लाल कोटातली सातेक वर्षांची एक मुलगी आली. त्याने तिच्या हातात पिन ठेवली.

"उलटी करून बघ," माझी मुलगी म्हणाली.

"तू इथे का उभी आहेस?" त्याने विचारलं.

"का? ही तुमची जागा आहे का?"

"हिला घेऊन जा इथून," तो मला म्हणाला. मी म्हणालो, फलक दोनदा वाचला आहे, कोणी कुठे उभं राहायचं याबद्दल त्यात काही नाही.

लाल कोटवालीच्या आईने पिन परत दिली आणि स्वतःची मागून घेतली. त्यानंतर आलेल्या दोघांनी ऐकलं नाही. एका वडिलांनी माझ्या मुलीलाच उद्धट म्हटलं. तिचे पाय दुखत होते. सँडविच तिने उभ्यानेच खाल्लं.

पाच वाजता त्याने आवरायला घेतलं. घुबड फोल्डरच्या दुसऱ्या पानावर होतं. तिला ते दिसत होतं, आणि तिला दिसतंय हे त्यालाही कळत होतं. त्याने फोल्डरची चेन ओढली.

"सी यू नेक्स्ट इयर," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "माझी फ्रेंड आणि मी. आम्ही दोघी येऊ."