कमानीखालची पुस्तकं

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात पुस्तकांना जागा नाही, हा शोध पुण्याला असणाऱ्या आमच्या पोरानं लावला. काहीतरी काढायला माळ्यावर चढला आणि माझी खोकी त्याच्या अंगावर आली. म्हणाला, हे सगळं आता मोबाईलवर मिळतं, दिवाळीला आलो की रद्दीवाल्याला बोलावतो. मोबाईलवर तर त्याचा बापही मिळतो, म्हणून काय मलाही तराजूत बसवणार? पण हे मी मनातच म्हणालो. नोकरीभर पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं हो ती. बायकोकडं पाहिलं, तर ती शांतपणे मेथी निवडत होती.

मग मी हट्टालाच पेटलो. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत चांगली नऊ इंची आहे. ती निम्मी कोरायची, आत कडप्प्याच्या फळ्या बसवायच्या, की पुस्तकं भिंतीत आणि पोराचं तोंड बंद. फुलंब्रीहून रोज शहरात कामाला येणारा एक मिस्त्री गाठला. त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि धूळ लई होईल म्हणून बजावलं. झालीच. आठवडाभर आमच्या वरणाला विटेची चव होती.

नेमकं फळ्या बसवायच्या वेळी मला देवगाव रंगारीला चुलतभावाच्या वास्तुशांतीला जावं लागलं. परत येऊन बघतो तर काय, माझ्या सरळसोट कपाटाच्या डोक्यावर गोल कमान, कमानीला घंटी टांगायला हूक आणि मधल्या कप्प्यात गणपतीची टाईल. माझं डोकंच फिरलं. पुस्तकांना घंटी कशाला, म्हणून मिस्त्रीला झापलं. तो थापी धूत म्हणाला, "पूर्वेच्या भिंतीतला कोनाडा हाय साहेब. बिगर कमानीचा बरा दिसतो व्हय?"

टाईल तरी काढ म्हटलं, तर बायकोनं जीभ चावली. देवाला कुणी भिंतीतून उपटतं का, म्हणे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले देव मधल्या कप्प्यात येऊन बसले. वर माझ्या कादंबऱ्या, खाली कोश, मध्ये समई. शेजारीण चप्पल काढून आत यायची आणि कादंबऱ्यांनाही हात जोडायची. देवळाची पायरी न चढणाऱ्या माणसाच्या पुस्तकांचं हे भाग्य.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पोरगा आला. रद्दीवाल्याचा विषय काढणार, तोच आईनं त्याच्या हातात उदबत्ती दिली. त्यानं ती ओवाळली, कमानीकडं वर-खाली पाहिलं आणि मुकाट्यानं मोबाईल काढून बसला.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको करंज्या तळत होती. मान वर न करता म्हणाली, "कमान मीच सांगितली मिस्त्रीला. देवाजवळचं रद्दीत घालायची कुणाची छाती होतीय?"

मला एकदम भरून आलं. बाहेर येऊन वरच्या फळीवरच्या पुस्तकाला हात घातला.

"आंघोळ झाली का?" आतून आवाज आला.

झाली नव्हती. टाकीनं सकाळीच तळ गाठला होता, आणि नळाला पाणी परवा येणार होतं.