रतनबाई फिट आहेत

विंझरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत रतनबाई पंधरा वर्षं पोषण आहार शिजवतात. त्यांच्या खिचडीला कुणी नावं ठेवत नाही. जिभेला मात्र सगळे भितात.

गेल्या जुलैत तिसरीतली सोनिया प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. पोरं किंचाळत पळाली. मुलाला सोडायला आलेल्या एका बापानं चप्पल काढली आणि तिच्या नाकाशी धरली. दुसरा "कांदा आणा, कांदा!" म्हणून ओरडत होता. रतनबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप टाकून त्या धावल्या.

"चप्पल पायात घाल, मुडद्या! पोरीला वारं लागू दे."

सोनियाला कुशीवर वळवून त्यांनी डोक्याखाली दप्तर सरकवलं, आणि पळालेल्या पोरांना हाक मारली.

"हितं या समदी. बघा नीट. डोक्यात ईज असती, ती मधीच लई होती, म्हनून अंग झटकं देतं. तोंडात काय कोंबायचं न्हाई, हातपाय दाबायचं न्हाई. पाच मिनटं झाली तर गाडी बोलवायची."

"वाडीतली लाईट जाती तसं?" एकानं विचारलं.

"तसंच. पर हिची लवकर येती."

पोरं हसली. दोन मिनिटांत सोनियाचे झटके थांबले, थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. रतनबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "फिट आली तुला. डाक्टरकडं जायाचं, गोळी खायाची, साळंला यायचं."

शेवटचंच अवघड होतं. आठ दिवसांनी शाळा समितीची सभा भरली. अध्यक्ष सोमनाथ म्हणाले, "आमची पोरं घाबरत्यात. बरी होईस्तोवर पोरगी घरीच ठेवा." सोनियाची आई मंगल खाली मान घालून बसली होती. "व्हय, ठेवते," एवढंच ती म्हणाली. नाव एकदा हजेरीपटावरून गेलं की पोर पुन्हा येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रतनबाई दारातून आत आल्या.

"मंगल, मान वर कर. मलाबी फिट येती. लगीन झाल्यापासनं गोळ्या खाते."

सोमनाथ ताडकन उठले. "आनि इतकी वर्षं चुलीपाशी? फिट असल्याचा दाखला हाय का तुमच्याकडं?"

"कंचा देऊ, सोमनाथभाऊ? फिट येती ह्याचा, का फिट हाय ह्याचा? दोन्ही हायेत."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रतनबाईंनी पिशवीतून नसरापूरच्या डॉक्टरांचे कागद काढले. सात वर्षांत फिट नाही, गोळ्या सुरू, कामास योग्य.

"डाक्टरला समदं ठाव हाय. तुमाला सांगितलं न्हाई, कारन ह्या पोरीचं जे करताय तेच माझं केलं असतं. आता काढायचं तर दोघींना काढा. पर ठरावात 'तब्येतीच्या कारणास्तव' असलं गुळमुळीत नको. 'फिट येते म्हणून' लिवा आनि खाली सह्या करा."

समितीतला शिक्षक-प्रतिनिधी म्हणून इतिवृत्त माझ्याकडे होतं. मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि वही-पेन अध्यक्षांपुढे ठेवलं. सोमनाथांनी लिहिलेलं वाचलं. पेनाला हात लावला नाही. इतरांनीही नाही. ठराव तसाच पडला.

सगळं गोड झालं असं नाही. दोन घरांतली पोरं तेव्हापासून घरून डबा आणू लागली. मुख्याध्यापिका रतनबाईंना म्हणाल्या, "मी समजावू का त्यांना?"

"नका. मी रोज येनार हाय. त्येस्नी रोज दिसू दे."

सोनिया सभेच्या दुसऱ्याच दिवशी आईचा हात धरून वर्गात आली होती. वर्गाच्या बाई मायेनं म्हणाल्या, "मुलांनो, सोनियाला जरा चक्कर आली होती."

सोनिया उभी राहिली. "चक्कर न्हाई बाई, फिट," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.